त्याग आणि तीन मिनिटांची चित्रफीत



कामगार संघटनेत केस पिकलेल्या आमच्यासारख्या माणसाने बोनस, कंत्राटी पद्धत, महागाई भत्ता ह्यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही आपल्यापुढे शिक्षक ह्या नात्याने उभे आहोत. आमची स्वतःची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील फाटक्या पुस्तकांनी, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्याने आणि ह्याच तऱ्हेच्या व्याख्यानमालांनी केले. असा मनुष्य शिकवू लागला म्हणजे त्यास एक फायदा असतो. आपल्याला काय समजावयास किती वेळ लागला, हे तो विसरलेला नसतो.

गेली काही वर्षे आम्ही चार मंडळी कामगारांसाठी रात्रीचा वर्ग चालवितो. विद्यार्थी अठरा वर्षांचेही आहेत आणि अठ्ठावन्नचेही. निम्म्याहून अधिक चाळिशीच्या पुढचे. कोणी बाहेरून दहावीला बसणार आहे, कोणाला अर्ज स्वतःच्या हाताने लिहावयाचा आहे, आणि एक आजोबा, नातू अभ्यासात विचारतो आणि उत्तर देता येत नाही, एवढ्यासाठी येतात. आठवड्यातून एक तास आम्ही भिंतीवर चादर ताणतो, मोबाइल प्रोजेक्टरला जोडतो आणि तीनचार मिनिटांची एखादी चित्रफीत दाखवितो. ह्या वर्षी त्या तासाचा विषय त्याग हा आहे.

आमचे काही विद्वान मित्र ह्यावर नाक मुरडतात. ‘त्यागासारखा विषय आणि रीलवर शिकवायचा? थोरांची चरित्रे वाचायला लावा!’ असे ते म्हणतात. चरित्रे वाचावीत, ह्याविषयी आमचा वाद नाही. पण बारा तास यंत्रापुढे उभा राहून आलेल्या माणसाच्या हाती चारशे पानांचे चरित्र दिले, तर तो चौथ्या पानावर मान टाकतो. दोन तासांच्या चित्रपटाचीही तीच गत. तीन मिनिटे मात्र तो जागा राहतो.

शिवाय आखूड चित्रफीत ही काही आजच्या पोरांची थेरे नव्हेत. चलच्चित्राचा जन्मच आखूड झाला. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी १८९५ साली आपल्या कारखान्याच्या दारात यंत्र लावले आणि सुटी होऊन बाहेर पडणारे कामगार टिपले. त्यांत बायाही पुष्कळ. सारा खेळ मिनिटभराचासुद्धा नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून जे पहिले खेळ झाले, त्यांत हा ‘कारखाना सुटला’चा तुकडाही होता. म्हणजे हिंदुस्थानात पडद्यावर जी माणसे सर्वांत आधी दिसली, त्यांत कामगार होते. आम्हांस ह्याचा थोडा अभिमान वाटतो. तो आपण आम्हांस वाटू द्यावा.

पण आखूड चित्रफितीत एक धोका आहे, आणि तो समजावून देण्यासाठी दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट सांगतो. १९१२ साली भांडवलदारास आपल्या विद्येची खात्री पटविण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ, रोज थोडे थोडे करून, त्या रोपाचे चित्रण केले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात फुटून वर आला. लोक थक्क झाले. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. ह्या चमत्कारात झाले काय? मधले दिवस नाहीसे झाले. रोजचे पाणी, रोजची देखरेख, आज अंकुर जळेल की काय ही धास्ती, ह्यांतले काहीच पाहणाऱ्यास दिसले नाही.

त्यागाच्या चित्रफितीत नेमके हेच होते. त्याग म्हणजे बहुतेक वेळा मधले दिवस असतात. चित्रफीत शेवटचा क्षण दाखविते, मागे सारंगी वाजते, पाहणाऱ्याचे डोळे भरतात आणि बोट पुढच्या चित्रफितीकडे सरकते. आमच्या मते असे रडणे फार स्वस्त पडते.

म्हणून आम्ही चित्रफीत दोनदा दाखवितो. पहिल्यांदा जशी आहे तशी. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि शेवटच्या क्षणाआधी थांबवून. मग विचारतो : ह्या माणसाला ह्या क्षणी दुसरे काय करता आले असते?

हुतात्मा बाबू गेनूचेच घ्या. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचा मुलगा, मुंबईत गिरणीकामगार, वय बाविसाच्या आसपास. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापड नेणाऱ्या मोटारलॉरीपुढे तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. नटांनी वठविलेली ही हकीकत तीन मिनिटांत संपते. आम्ही लॉरी दहा हातांवर असताना थांबविली. वर्ग गप्प झाला. मग आमच्या एका फिटर विद्यार्थ्याने उत्तर दिले, ‘उठून बाजूला होता आलं असतं. त्याला कुणी बांधलं नव्हतं.’ दुसरा म्हणाला, ‘त्या दिवशी कामावर गेला असता तर रोज बुडाला नसता.’ हे ‘रोज बुडणे’ आमच्या विद्वान मित्रांना सुचले नसते. कामगाराचा हुतात्मा झाला त्याच्या आधी त्याचा खाडा झाला होता, हे कामगारालाच दिसते.

आता ह्याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवतो. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, प्रेसवर काम करताना एका पोराची दोन बोटे गेली. प्रेसला गार्ड नव्हता. तो बसवावा म्हणून आमची पत्रे वर्षभर फायलीत पडून होती. पुढे कारखान्याच्या वर्धापनदिनी व्यासपीठावरून त्या पोराच्या ‘त्यागाचा’ गौरव झाला, त्यास शाल घातली गेली, आणि त्या प्रसंगाची छान चित्रफीत निघाली. ती आम्ही बाबू गेनूनंतर लगेच दाखविली आणि तोच प्रश्न विचारला. ह्याला काय करता आले असते? वर्गाने एकमुखाने सांगितले की काही नाही; काय करायचे ते मालकाला करता आले असते. बोटे त्याने दिली नव्हती, ती घेतली गेली होती. जो देतो तो त्यागी, ज्याचे घेतले जाते तो बळी. आमच्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहावेत, ह्यासाठी हा वर्ग आहे म्हणा ना! २०२० साली सफाई कामगारांवर फुले उधळल्याच्या चित्रफिती आपण सर्वांनी पाहिल्या. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या पाहताना फुलांकडे पाहिले नाही; हातांत मोजे आहेत काय, हे पाहिले.

हीच कसोटी आमच्या संघटनेलाही लागू आहे. ‘लढ्यासाठी त्याग करा’ असे फाटकावरच्या सभेत आम्हीही म्हणतो. तेव्हा ज्याला विचारले त्यालाच तो करावयाचा आहे की घरी दुसऱ्या कोणाला, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यांना हवा.

ह्या प्रश्नाला वाचा फोडली ती एका बाईने. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागलेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या चित्रपटाचे जे भाग आज उपलब्ध आहेत, त्यांतला छोटा तुकडा आम्ही दाखवीत होतो. राज्य दान करून राजा बायकामुलांसह बाहेर पडला. कथा सर्वांना ठाऊक. पुढे दक्षिणेसाठी तारामती आणि रोहिदास विकले जातात. पॅकिंग खात्यात काम करणारी ही बाई म्हणाली, ‘वचन राजानं दिलं, आणि विकली बायको. तिला कुणी विचारलं का?’ पुरुष मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर आमच्यापाशीही तयार नव्हते. कथेच्या बाजूने बोलणारे म्हणतील की तारामती आपण होऊन तयार झाली. असेल. तर मग त्यागाचा मोठा वाटा तिचा, आणि चित्रपटाला नाव मात्र राजाचे!

मग आम्ही त्याच चित्रपटाच्या मागची हकीकत वर्गाला सांगितली. यंत्रसामग्रीसाठी विलायतेस जावे म्हणून फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, हे प्रसिद्धच आहे. पण सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला आणि कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. पडद्यावरची तारामती मात्र झाले अण्णा साळुंके हे पुरुष, कारण त्या काळी काम करावयास बाई मिळेना. त्यागावरच्या त्या चित्रपटात सरस्वतीबाई कोठेच दिसत नाहीत. चित्रफीत पाहताना यंत्राच्या मागे कोण उभे आहे हे विचारावे, अशी सवय आम्ही त्या दिवसापासून वर्गाला लावली.

तेव्हा १९८२चा संप आला की आमच्या वर्गात आता निराळे बोलणे होते. १८ जानेवारीला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले. त्या संपावरच्या बहुतेक चित्रफितींत डॉ. दत्ता सामंतांची सभा असते, गर्दी असते, बंद चिमण्या असतात. संप वर्ष उलटले तरी चालला, तो रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, हजारो माणसे कायमची गावाला गेली. हे सारे दोन ओळींत उरकले जाते. ते मधले दिवस कोठे गेले? गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना संघटित केले होते. पगाराला हिशेब चुकता करावयाचा, ही खानावळीची रीत. पगारच थांबल्यावर त्या बायांनी काय केले असेल? संपाच्या मतदानाला त्या नव्हत्या; चूल मात्र त्यांची होती.

कोणी म्हणेल, इतका हिशेब केला म्हणजे त्यागावरची श्रद्धा उडेल. आम्हांस अनुभव उलटा आहे. सावित्रीबाई फुल्यांचा मृत्यू घ्या. १८९७ सालच्या प्लेगात मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या निघाल्या, हे दृश्य चित्रफितीत असतेच. पण मुलगा यशवंत डॉक्टर, प्लेगच्या रोग्यांसाठी त्याचा दवाखाना. हा रोग काय करतो हे त्यांना रोज डोळ्यांपुढे दिसत होते. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती सारंगीने आणलेली नव्हती. १० मार्चला त्या गेल्या. रविवारच्या सुटीसाठी झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे त्याच प्लेगात एक महिना आधी गेले होते. आपली रविवारची सुटी १० जून १८९०ची, हे ऐकून वर्गातल्या तरुणांना मोठे आश्चर्य वाटले. ती आकाशातून पडली अशी त्यांची समजूत असावी.

शिक्षकबंधूंनी विचारले म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. चित्रफीत शिक्षकाने आधी स्वतः पाहावी. पुष्कळांत तारखा चुकीच्या असतात आणि संवाद तर पदरचेच. एका तासाला एकच दाखवावी. आणि तास संपण्यापूर्वी कोणी रडलेच, तर त्याला रडू द्यावे. लगेच प्रश्न विचारू नये.

अलीकडे विद्यार्थी स्वतःच चित्रफिती करू लागले आहेत. तारामतीचा प्रश्न विचारणाऱ्या बाईने आपल्या सासूबाईंची केली. म्हातारीची खानावळ लालबागला होती. दोन मिनिटे चाळीस सेकंदांत ती फक्त एक वही उघडून दाखविते. १९८२ सालची, जेवणाऱ्यांच्या उधारीची. सून विचारते, ‘मागितले नाहीत कधी?’ म्हातारी म्हणते, ‘कुणाकडं मागू? गावाला गेले ते.’ आणि वही मिटते. वर्गाने ती चित्रफीत तीनदा पाहिली. वहीत पैशांचे आकडे आहेत, पण बेरीज कोठेच केलेली नाही, हे आमच्या त्या आजोबांच्या ध्यानात आले. पुढच्या गुरुवारी म्हातारी स्वतः वही घेऊन वर्गात येणार आहेत. बेरीज करू द्यायची की नाही, ते त्या सांगतील.