गावगट, पोळ्याचं तोरण आणि पाव सेकंद

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या धानाच्या पट्ट्यात. आमच्या शंकरपटात 'गावगट' नावाचा एक गट असतो. त्याचे नियम लिहायचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर "तू कंप्युटरवाला हायेस, तुले जमते." आज त्याचीच गोष्ट सांगतो.

ज्यांना पट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, तसलंच हे आमच्याकडचं. धान घरी आलं की हंगाम सुरू. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि घरात पाहुणेच पाहुणे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी, चाबूक, बॅटरी काही चालत नाही, अंतर 1000 मीटरच्या वर नेता येत नाही. जनावराला त्रास होऊ नये एवढं सरकारने पाहिलं, आणि ते बरोबरच आहे. पण कोणाची जोडी कोणासमोर उभी करायची, हे गावाने ठरवायचं.

आणि घोळ तिथेच होता. बंदीच्या वर्षांत गावात ट्रॅक्टर वाढले, राबणाऱ्या जोड्या कमी झाल्या. पट परत सुरू झाले तेव्हा बाहेरून आलेल्या, लाखांत घेतलेल्या, फक्त पळण्यासाठी सांभाळलेल्या जोड्या सगळी बक्षिसं घेऊन जायला लागल्या. जो माणूस आषाढात चिखलणी करतो आणि माघात तीच जोडी पटात आणतो, त्याने काय करायचं? म्हणून गावगट काढला. नियम एकच होता: जोडी गावातल्या माणसाची असावी. पहिल्याच वर्षी पटाच्या आठ दिवस आधी एकाने जोडी आणली, नावावर केली आणि पहिला नंबर मारला. कागद चोख होता. त्या बैलांनी आमच्या गावचा चिखल पाहिलाही नव्हता.

मी मग जगात लोक गट कसे पाडतात ते वाचत बसलो. मला गाड्यांचा नाद आहे, त्यामुळे फिरून फिरून ऑटोक्रॉसवर आलो. मोकळ्या डांबरी मैदानात शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी पळते, घड्याळ निकाल देतं. शंकू पडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. अमेरिकेत तिथल्या जुन्या-नव्या मसल कारसाठी हौशी लोकांचा एक गट आहे. त्यात इंजिनाला काय केलं, सस्पेन्शन कुठलं बसवलं, यात फारसं कोणी नाक खुपसत नाही. मुख्य पाहतात ते गाडीचं किमान वजन आणि टायर. टायरच्या कडेला झिजेचा आकडा छापलेला असतो, तो 200 किंवा त्याहून जास्त हवा. म्हणजे रबर फार मऊ नको. वजनकाटा आणि टायरवरचा आकडा, दोन्ही कोणालाही दिसतात. इंजिन उघडून भांडत बसायला नको.

आपल्याकडेही अशी दिसणारी खूण आहेच. पश्चिम महाराष्ट्रात आदत, दुस्सा, चौसा असे गट दातांवरून पाडतात. तोंड उघडलं की वाद संपला. पण आमच्या गावगटाला ते कामाचं नव्हतं, कारण राबणारे बैल जवळपास सगळे जुळलेले. आम्हाला वय नको होतं, राबणं मोजायचं होतं.

मी चार पानांचा मसुदा केला. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, खरेदीची पावती, शेजाऱ्यांच्या सह्या, फोटो. बैठकीत वाचून दाखवला. सगळे गप्प. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, "एवढं कायले जी? यंदाच्या पोळ्याले तोरनाखाली उभा होता का बैल? सारं गाव होतं ना तिथं."

मी लॅपटॉप मिटला. पोळा येतो चिखलणी-रोवणी उरकल्यावर, पटाच्या चार-पाच महिने आधी. फक्त शर्यतीसाठी एवढे महिने कोण बैल पोसून ठेवील? (ठेवणारा ठेवेलही, पण मग तो त्यांना शेतातही जुंपेल.) आणि साक्षीदार अख्खं गाव. चार पानांचं एक वाक्य झालं: यंदाच्या पोळ्याला गावच्या तोरणाखाली उभी असलेली जोडी. बिल्ल्याचा नंबर तेवढा ठेवला, कारण एकच जोडी दोन नावांनी पळवायची युक्ती जुनी आहे.

आता माझी चूक. पटाच्या दिवशी एक जण जोडी घेऊन आला. एक बैल त्याचा, दुसरा शेजाऱ्याचा. वर्षभर दोघं सावडीने वाही करतात. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. पण पोळ्याला दोघं आपापला बैल घेऊन वेगवेगळे उभे होते. नियमात 'जोडी' लिहिलेलं, म्हणून पंचांनी त्याला बाजूला काढलं. ज्याच्याकडे एकच बैल आहे, त्याच्यासाठीच तर हा गट! तो माझ्याशी भांडला नाही, झूल काढली आणि निघून गेला. मी 'जोडी' हा शब्द सवयीने लिहिला होता. पुढच्या वर्षी तिथे 'दोन्ही बैल' लिहिलं आणि त्याच्या घरी जाऊन सांगून आलो.

घड्याळाचंही सांगतो. आधी हातात स्टॉपवॉच धरून दोघं उभे राहायचे. झेंडी पडलेली डोळ्याला दिसून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद सहज जातो. धावण्याच्या स्पर्धेतसुद्धा हाताने घेतलेली 100 मीटरची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडायची तर 0.24 सेकंद मिळवतात. भरात आलेली जोडी सेकंदाला दहा मीटर गेली, तर पाव सेकंदात अडीच मीटर. म्हणजे अख्खा बैल! मी दोन्ही टोकांना किरणाचे सेन्सर लावले. पहिल्या दिवशी उभ्या बैलाच्या शेपटीनेच घड्याळ सुरू व्हायला लागलं. मग जोडी सेन्सरच्या आठ फूट मागे उभी करायची ठरलं. धुरकऱ्यांना तेही आवडलं, कारण झेंडीकडे बघून दचकून सुटण्याची घाई राहिली नाही. धुळीने काच झाकली जाते, त्यावर अजून उपाय मिळालेला नाही. एक पोरगा फडकं घेऊन बसतो.

ऑटोक्रॉसची एक गोष्ट मात्र आम्ही घेतली नाही. तिथे गाडीला तीन-चार फेऱ्या मिळतात आणि त्यातली चांगली वेळ धरतात. बैलाला एकच. दमलेल्या बैलाला पुन्हा जुंपून आकडा सुधारायचा नाही, यावर कोणी वादही घातला नाही. शिवाय पट साडेचारला संपवावा लागतो. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि आजूबाजूच्या गावची माणसं पोरं-बाळं घेऊन जंगलातल्या रस्त्याने पायी परततात.

राहिली घरची गोष्ट. आमचीही जोडी आहे, आणि नवा नियम तिला अगदी माप घेऊन शिवल्यासारखा बसत होता. बाबांनी नाव दिलं नाही. म्हणाले, "तू लिवतेस ना, मंग आपली नको." मी म्हटलं, नियम तर सगळ्यांना सारखा आहे. ते काही बोलले नाहीत. पटाच्या दिवशी जोडी धुऊन, शिंगं रंगवून दानीच्या कडेला बांधली आणि दिवसभर तिच्याजवळच बसून राहिले. मागच्या वर्षी नियमाची वही मी दुसऱ्याच्या हातात दिली. यंदा पोळ्याला बाबांनी तोरणाखाली जोडी उभी केली तेव्हा मी पुण्यात होतो. त्यांनी फोटो पाठवलाय. दोन्ही बैलांच्या कानातले बिल्ले नीट वाचता येतील, असा जवळून काढलेला.