हवाई छत्रीची उडी : साधनें आणि सावधगिरी

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी हें माझें गांव. बालाघाटच्या पठारावरील या तालुक्याच्या गांवाचा आणि विमानांतून उडी मारण्याच्या खेळाचा संबंध काय, असें आपल्या मनांत येईल. परंतु आजचा विषय मला तेथूनच सुरू करावासा वाटतो. कारण या खेळांतील सावधगिरीचा पहिला धडा मला आकाशांत मिळाला नाहीं. तो आमच्या मळ्यांतील विहिरीच्या कांठावर मिळाला.

मी दहा-बारा वर्षांचा असतांना आमच्या विहिरीचें काम चालू होतें. कांठावर यारी उभी केलेली होती. तिच्या दोरानें मजूर खालीं उतरत आणि दगडमातीच्या पाट्या वर येत. माझे आजोबा रोज सकाळीं तो सगळा दोर आपल्या तळहातांतून ओढून घेत. डोळ्यांनीं पाहून त्यांचें समाधान होत नसे. एकदां लग्नसराईसाठीं गांवीं गेलेला एक कसबी मजूर दोन महिन्यांनीं परत आला आणि नेहमीप्रमाणें सर्वांच्या आधीं उतरण्यासाठीं पुढें झाला. आजोबांनीं त्याला थांबविलें. ते म्हणाले, “आज वरच थांब, बाबा. दोराची वळख करून घे. उद्या जा खाली.” त्या मजुराला राग आला. मलाही आजोबांचा तो हट्ट वाटला. त्यांचें म्हणणें मला समजण्यास चाळीस वर्षें लागलीं.

नोकरीच्या निमित्तानें मी कांहीं वर्षें अमेरिकेंत होतों. तेथें मीं हा खेळ शिकलों आणि ६४ उड्या मारल्या. चौसष्टाव्या उडीच्या अखेरीस एका कुंपणाला टाळण्यासाठीं मीं जमिनीजवळ वळण घेतलें आणि घोटा मोडून घेतला. त्यानंतर स्वदेशीं परतणें, संसार, मुलीचें शिक्षण यांत १२ वर्षें गेलीं. गेल्या वर्षीं मुलीकडे तिकडे जाणें झालें, आणि कपाटांत जपून ठेवलेली छत्री मीं बरोबर घेतली. “आतां बावन्नाव्या वर्षीं हें कशाला?” असें पत्नीनें विचारलें, तेव्हां मीं मोठ्या ऐटीनें उत्तर दिलें, “सायकल आणि पोहणें कोणी विसरतो काय?” हें उत्तर किती चुकीचें होतें, तेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम या साधनाची थोडी ओळख करून घेऊं. २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं आंद्रे-जाक गार्नेरँ या फ्रेंच गृहस्थानें पॅरिस येथें बलूनमधून छत्रीच्या साहाय्यानें उडी घेतली. ती छत्री भयंकर हेलकावे खात खालीं आली, कारण तिच्यांत कोंडलेली हवा कडेनें वाटेल तशी निसटत होती. पुढें छत्रीच्या माथ्यावर एक भोंक ठेवण्यांत येऊं लागलें, आणि हेलकावे कमी झाले. २८ एप्रिल १९१९ रोजीं लेस्ली अर्व्हिन यानें अमेरिकेंत विमानांतून उडी घेऊन, कांहीं अंतर मोकळें पडून, मग आपल्या हातानें छत्री उघडली. छत्रीनें आपलें काम चोख केलें. परंतु उतरतांना त्याचा घोटा मोडला. म्हणजे छत्रीनें दगा दिला नाहीं. जो कांहीं दगा झाला तो जमिनीपाशीं झाला. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिची गरज पडेल.

आपल्या इकडेही या विद्येची परंपरा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण पुढें पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजीं बांगला देशाच्या युद्धांत तंगाईलजवळ याच बटालियननें छत्र्यांनीं उतरून पूल ताब्यांत घेतला. डॉ. गीता चंदा या वायुदलांतील वैद्यकीय अधिकारी १९५९ सालीं छत्रीची उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला सैनिक ठरल्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं तर २००४ सालीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यांतील पहिलीच उडी होती! २००६ सालीं त्यांनीं दक्षिण ध्रुव गांठला, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचें धैर्य वंदनीय आहे. परंतु पहिली उडी ध्रुवावर घेणें हा अपवाद होय, तो कोणी नियम समजूं नये. २०१८ सालीं त्यांनीं थायलंडमध्यें नऊवारी नेसून उडी घेतली. तीवरून सामान्य माणसानें घ्यावयाचा बोध असा कीं, वस्त्र कोणतेंही असो, पदर असो वा सदऱ्याचें टोंक, छत्रीच्या मुठी त्याखालीं झांकल्या जातां कामा नयेत. आणीबाणींत हात ज्या ठिकाणीं जावयाचा, तें ठिकाण मोकळें असलें पाहिजे.

आजच्या खेळाडूच्या पाठीवर एक नसून दोन छत्र्या असतात. एक मुख्य व दुसरी राखीव. मुख्य छत्री आतां घुमटाकार नसते. १९६४ सालीं डॉमिना जाल्बर्ट यानें हवेनें फुगणाऱ्या कप्प्यांची छत्री शोधून काढली. ती पंखासारखी पुढें जाते व तिला दिशा देतां येते. मुख्य छत्री बिघडली तर छातीच्या उजव्या बाजूची मूठ ओढून ती सोडून द्यावयाची, आणि मग डाव्या बाजूची मूठ ओढून राखीव छत्री उघडावयाची. मुख्य छत्री झटकन सुटावी म्हणून बिल बूथ यानें एकोणीसशें सत्तरच्या दशकांत तीन कड्यांची एक सोपी योजना केली. एका कड्यांतून दुसरें, दुसऱ्यांतून तिसरें असें ओंवलेलें असल्यानें माणसाचा सारा भार शेवटीं एका बारीक दोरीवर अगदीं अल्प होऊन येतो. शिवाय १९९१ पासून जर्मनींत तयार होणारें सायप्रेस नांवाचें एक यंत्र प्रचारांत आहे. मनुष्य बेशुद्ध झाला किंवा भांबावला, आणि जमिनीपासून सुमारें ७५० फुटांवर आला तरी वेगानें पडतच असला, तर तें यंत्र राखीव छत्रीच्या पिशवीचा बंद आपोआप कापतें.

आतां काळाचा हिशेब ऐका. उपडा पडणारा मनुष्य सुमारें दहा सेकंदांत ताशीं १९० किलोमीटरांच्या आसपास वेग गांठतो, आणि पुढें दर हजार फुटांस त्याला साडेपांच सेकंद लागतात. २५०० फुटांवर छत्री उघडलेली नसेल तर हातांत उरतात ते सुमारें १४ सेकंद. म्हणूनच अमेरिकेंतील पॅराशूट असोसिएशन नवशिक्याला सांगते कीं, मुख्य छत्री सोडावयाची कीं ठेवावयाची, हा निर्णय २५०० फुटांच्या वरच झाला पाहिजे. चौदा सेकंदांत मनुष्य विचार करीत नाहीं. सरावलेला हात काय करील तेंच होतें.

हें सारें मला ठाऊक होतें. तरीही त्या मैदानावर गेल्यावर मीं माझी छत्री काढली आणि दुसऱ्याच दिवशीं उडी घेण्याची इच्छा सांगितली. तेथील शिक्षिका वयानें माझ्या मुलीपेक्षां फार मोठी नसेल. तिनें तीन प्रश्न विचारले. राखीव छत्रीची घडी केव्हां घातली होती? सायप्रेसची मुदत केव्हां संपली? आणि आपलें वजन आतां किती?

पहिल्या दोन प्रश्नांनीं माझी मान खालीं गेली. राखीव छत्री वापरली जावो वा न जावो, अमेरिकेंत ती दर १८० दिवसांनीं परवानाधारक जाणकाराकडून उघडून, तपासून पुन्हां घडी घालावी लागते. माझ्या छत्रीची घडी बारा वर्षांची होती. रबराचे बंद हातांत घेतांच तुटले. यंत्राची मुदत केव्हांच सरली होती.

तिसऱ्या प्रश्नांत मात्र मला नवीन ज्ञान झालें. माझी मुख्य छत्री १५० चौरस फुटांची होती. बारा वर्षांपूर्वीं सामानासह माझा भार ७९ किलो, म्हणजे १७४ पौंड होता. दर चौरस फुटास १.१६ पौंड. नवशिक्यानें हें प्रमाण एकाच्या वर जाऊं देऊं नये असा सल्ला असतो. म्हणजे ती छत्री मीं तेव्हांही हौसेनेंच लहान घेतली होती, आणि घोटा मोडण्यांत त्या हौसेचा वांटा होता. आतां माझा भार ९० किलो, म्हणजे १९८ पौंड झाला होता, प्रमाण १.३२ वर गेलें. कपाटांतली छत्री तीच राहिली, पण तिचा मालक बदलला! लहान छत्रीवर भार जितका अधिक, तितकी ती वेगानें धांवते, वळणांत झपाट्यानें खालीं येते आणि चूक सुधारण्यास अवसर देत नाहीं. आमच्या वाशीसारख्या उंच पठारावर किंवा वैशाखाच्या उन्हांत हवा विरळ असते. तेथें तीच छत्री आणखी जोरानें उतरते. शिक्षिकेनें मला २१० चौरस फुटांची भाड्याची छत्री दिली. प्रमाण ०.९४ झालें. माझा अभिमान दुखावला; पण हिशेबाशीं भांडतां येत नाहीं.

श्रोतेहो, या खेळांत मृत्यु कसे येतात याविषयीं लोकांची कल्पना चुकीची असते. छत्री उघडलीच नाहीं, असेंच सर्वांना वाटतें. वास्तविक, उत्तम उघडलेल्या छत्रीखालीं, जमिनीजवळ घेतलेल्या जोरदार वळणानें अनेक जण प्राणास मुकले आहेत. वळतांना छत्री कलते, खालीं झेंपावते, आणि तिला पुन्हां सरळ होण्यास लागणारी उंची तेव्हां शिल्लक नसते. कुंपणावर हलकेंच धडकणें परवडतें. कुंपण टाळण्यासाठीं तीस फुटांवर गर्रकन वळणें परवडत नाहीं. अर्व्हिनचा घोटा मोडल्यास शंभरांहून अधिक वर्षें झालीं, पण जमीन तीच आहे.

मग तिनें मला छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्यें अडकविलें आणि ओरडून सांगितलें, “छत्री गुंतली आहे!” मीं क्षणाचाही विलंब न लावतां मूठ ओढली. ती राखीव छत्रीची होती. मुख्य छत्री न सोडतांच मीं राखीव छत्री उघडली होती. आकाशांत हें झालें असतें तर दोन्ही छत्र्या एकमेकींत गुरफटण्याचा धोका होता. ती मला रागें भरली नाहीं. शांतपणें मूठ पुन्हां जागेवर बसविली आणि म्हणाली, “पुन्हां.” त्या दिवशीं मीं वीस वेळां तोच अभ्यास केला. त्यांतील पहिल्या पांच वेळांत आणखी एकदां चुकलों.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पोहणें मनुष्य विसरत नसेल. परंतु आणीबाणीचा क्रम मात्र तो विसरतो, आणि विसरल्याचें त्याला कळत नाहीं, ही खरी भीति आहे. म्हणूनच तेथील असोसिएशनच्या मार्गदर्शनांत पहिल्या परवान्याच्या खेळाडूनें ६० दिवस, त्यापुढील परवान्याच्या खेळाडूनें ९० दिवस, आणि अनुभवी खेळाडूनें सहा महिने उडी घेतली नसेल, तर जाणत्याच्या देखरेखीखालीं पुन्हां सुरुवात करावी असें सांगितलेलें आहे. ६० दिवस म्हणजे दोन महिने! आमच्या आजोबांनीं त्या मजुराला नेमक्या याच मुदतीवर थांबविलें होतें.

तिसऱ्या दिवशीं वारा फार होता. उडी झाली नाहीं. चौथ्या दिवशीं शिक्षिकेसह १३,००० फुटांवरून मीं उडी घेतली. उंचीमापक जमिनीवर शून्याशीं जुळवून घेतला होता. ५००० फुटांवर छत्री उघडली. वर पाहिलें, ती चौकोनी, स्थिर आणि वळविण्याजोगी होती. उतरतांना समोर पुन्हां एक कुंपण दिसलें, परंतु या वेळीं मीं तें ५०० फुटांवरूनच पाहिलें, तेथेंच वळलों, आणि शेवटचे २०० फूट नाकासमोर सरळ आलों. दोन्ही पाय जुळवून उतरलों. घोटा शाबूत होता.

या खेळाला धोक्याचें नांव आहे, आणि तें खोटें नव्हे. परंतु एकोणीसशें सत्तरच्या दशकांत अमेरिकेंत दरसाल सरासरी चाळीसांहून अधिक खेळाडू दगावत. २०२३ सालीं सुमारें ३६ लाख ५० हजार उड्यांत ही संख्या १० होती. आकाश कांहीं सौम्य झालेलें नाहीं. साधनें सुधारलीं आणि नियम पाळले जाऊं लागले. तरीही ते दहा जण कोणाचे तरी होतेच, हें विसरून चालणार नाहीं.

आपल्यापैकीं बहुतेकांना विमानांतून उडी मारावयाची नसेल. पण वर्षानुवर्षें बंद पडलेली मोटार घाटांत नेणारे, दहा वर्षांनीं पुन्हां गड चढूं लागणारे, वा जुना पोहण्याचा पट्टा बांधून विहिरींत उतरणारे गृहस्थ घरोघरीं आहेत. त्यांनीं स्वतःला तेच तीन प्रश्न विचारावेत. साधन शेवटचें केव्हां तपासलें? त्याची मुदत आहे काय? आणि माझें शरीर तेव्हां होतें तेंच आज आहे काय?

परत आल्यावर मीं वाशीस गेलों आणि आईला सारी हकीकत सांगितली. तिनें एवढेंच विचारलें, “त्या पोरीनं तुला पहिल्या दिवशी वरच थांबवलं व्हय रे?” मीं म्हणालों, “होय, आई.” ती म्हणाली, “मग शहाणी हाय ती.”