बीजाचा स्वभाव

सागाचें फळ पेरलें कीं लगेच रुजतें, ही समजूत चुकीची होय. त्याच्या लाकडासारख्या कवचांत बीज निजलेलें असतें. म्हणून तें फळ रात्रीं पाण्यांत भिजवावें व दिवसां उन्हांत वाळवावें. हा क्रम १०-१४ दिवस चालला म्हणजे कवच सैल होतें.

कडुनिंबाचें याच्या उलट. त्याचें ताजें बीज गर धुऊन, सावलींत सुकवून थोड्याच दिवसांत पेरलें पाहिजे. पुढील वर्षासाठीं डब्यांत जपून ठेवणारा बहुधा मेलेलें बीज जपत असतो.

रोपांना पाणी बारीक झारीनें द्यावें. माती ओलसर असावी, चिखल नसावा. अति पाण्यानें कोवळें खोड बुडाशीं कुजतें.

बीजाचा स्वभाव न ओळखतां पेरणाऱ्याचा वाफा रिकामाच राहतो आणि पावसाळा निघून जातो.