फायलींची उगवण चाचणी

(रेडिओवरील भाषण)



आज सांगायची गोष्ट एकच आहे, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुमच्या संगणकात वर्डपॅडमध्ये टाइप केलेल्या ज्या जुन्या फायली पडून आहेत, त्या या आठवड्यात उघडून पाहा. फोल्डरमध्ये नाव दिसतं, म्हणजे फाइल आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. उघडा, दोन ओळी वाचा, आणि मग खात्री धरा.

वर्डपॅड आता बंद झालं आहे. मायक्रोसॉफ्टने १ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केलं, की यापुढे त्यात सुधारणा होणार नाही आणि पुढे ते विंडोजमधून काढलंही जाईल. त्याप्रमाणे २०२४ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली, तिच्यात वर्डपॅड नाही. जुन्या संगणकावर ही आवृत्ती चढवली की होतं तेही निघून जातं, आणि परत बसवून घ्यायची सोय कंपनीने ठेवलेली नाही. विंडोज १० मध्ये ते अजून आहे. पण विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे शाळेत, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात संगणक बदलायची घाई सुरू आहे. या घाईतच जुनं लिखाण जातं.

विंडोज ९५ बरोबर १९९५ साली वर्डपॅड आलं. त्याच्या आधी, १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून, त्या जागी 'राइट' नावाचा प्रोग्राम होता. म्हणजे संगणक घेतला की लिहायची सोय आयती मिळायची, तिचे वेगळे पैसे पडत नव्हते, आणि हे जवळपास चाळीस वर्षं चाललं. आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच्या आठवडाभर आधी, २५ जूनला, विंडोज ९८ बाजारात आलं होतं. तेव्हा विचार करा, हा जिल्हा झाल्यापासून इथे संगणकावर जे जे लिहिलं गेलं, त्या सगळ्या काळात वर्डपॅड सोबतीला होतं. ज्याच्याकडे वर्ड विकत घ्यायला पैसे नव्हते, त्याने अर्ज त्यात टाइप केला. रिसोडच्या, मालेगावच्या, मंगरूळपीरच्या दुकानांत सप्ताहाची पत्रिका, लग्नपत्रिकेचा मजकूर, वर्गणीची यादी, पाणी वाटपाचा करार, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, हे सगळं त्यातच झालं. कुणी आजोबांनी सांगितलेली गावची हकीगत उतरवून ठेवली. मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्या परिसरात, तांड्यावरच्या पोरांनी आजीच्या तोंडची बंजारा गाणी देवनागरीत लिहून ठेवली. अशा लिखाणाची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. आजी गेली की ते गाणं उरतं फक्त त्या फाइलमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, फाइल तर आहे ना संगणकात, मग काळजी कशाची? राजेहो, इथेच सगळं अडतं. तुम्ही सोयाबीनवाले लोक आहात, तुम्हाला हे सांगायला मला दुसरं उदाहरण नको.

घरचं सोयाबीनचं बियाणं पोत्यात भरून ठेवलं आहे. पोतं शिवलेलं आहे, उंदीर लागलेला नाही, वजन बरोबर आहे. म्हणून काय आपण ते सरळ तिफणीत ओततो? नाही ओतत. दरवर्षी पेरणीआधी कृषी विभागाची माणसं गावोगाव सांगतात, की उगवण चाचणी करा. वेगवेगळ्या पोत्यांतले शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करा, पाणी शिंपडत राहा, आणि आठवडाभराने उलगडून मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीप्रमाणे पेरा. थोडे कमी उगवले तर बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणं पेरूच नका. पोतं भरलेलं असणं वेगळं आणि दाणा जिवंत असणं वेगळं.

फाइलचं तसंच आहे. फोल्डरमध्ये नाव दिसणं म्हणजे पोतं दिसणं. आत जीव आहे का, ते उघडल्याशिवाय कळत नाही. चाचणीलाही एका जागचे दाणे घेत नाहीत, वरचे, मधले, बुडाचे घेतात. तुम्हीही कालची फाइल उघडून 'चालते' म्हणू नका. २००२ ची उघडा, २००९ ची उघडा, पेनड्राइव्हवरची उघडा, सीडीवर असेल तर तीही उघडा. आणि हे आत्ता करायचं. मृग लागल्यावर, शेजाऱ्याची पेरणी सुरू झाल्यावर गोणपाट ओलं करून काय उपयोग? जुना संगणक भंगारात गेल्यावर फायलींची चाचणी होत नसते.

उघडून पाहिल्यावर काय दिसेल, ते सांगतो. वर्डपॅड आपली फाइल बहुतेक वेळा आरटीएफ या प्रकारात ठेवायचं. नव्या संगणकात वर्ड असेल तर ही फाइल त्यात उघडते. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, त्यातही उघडते. पण नवा संगणक आणला आणि दोन्ही नसले, तर पोरगं ती नोटपॅडमध्ये उघडतं. मग पडद्यावर महिरपी कंस, उलट्या तिरक्या रेघा आणि आकडेच आकडे दिसतात. 'माझे' या शब्दातला म तिथे २३५० असा दिसतो आणि त्याचा काना २३६६ असा. पोरगं म्हणतं, फाइल खराब झाली, आणि डिलीट करतं. अहो, खराब झालेली नाही! तोच तुमचा मजकूर आहे. २३५० हा देवनागरी म चा ठरलेला क्रमांक आहे, जगातल्या कुठल्याही संगणकात तो म म्हणूनच ओळखला जातो. ती फाइल जिवंत आहे, फक्त उघडणारा प्रोग्राम चुकला आहे. तेव्हा आकडे दिसले म्हणून कुणीही काहीही पुसू नये, एवढं तरी घरातल्या मुलांना आजच सांगून ठेवा.

काही फायली मात्र खरोखरच अवघड आहेत. युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या या ठरलेल्या क्रमांकांची पद्धत, आपल्याकडे रुळायच्या आधी मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत. त्यात संगणकाच्या आत साठवली जातात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देऊन दाखवतो. फॉन्ट त्या जुन्या संगणकात होता. संगणक गेला, फॉन्ट गेला, की फाइल उघडते खरी, पण वाचायला मिळते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. सोयाबीनच्या दाण्याचं वरचं आवरण पातळ असतं, पोतं आदळलं तरी आत इजा होते आणि बाहेरून काही कळत नाही. या फायली तशाच नाजूक आहेत. त्यांच्यासाठी फॉन्टचं रूपांतर करून देणारे प्रोग्राम मिळतात, त्यातून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. जोडाक्षरं, रफार थोडे बिघडतात, ते माणसाने बसून दुरुस्त करावे लागतात. पण त्यासाठी आधी कळायला हवं, की फॉन्ट कोणता होता. ते जुन्या संगणकावर सहज कळतं. म्हणून सांगतो: संगणक फॉरमॅट करायला देण्याआधी त्यातला फॉन्ट्सचा फोल्डर उतरवून घ्या. दुकानदाराला 'डेटा काढून ठेवा' म्हटलं तर तो फोटो काढून ठेवतो, फायली काढून ठेवतो. फॉन्ट काढून ठेवा असं वेगळं सांगावं लागतं.

जपणूक म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला शिकवायची खरं तर गरज नाही. कारंजा लाडच्या जैन मंदिरांमधली ग्रंथभांडारं तुम्हाला ठाऊक आहेत. अशा भांडारांतून जपला गेलेला एक कवी म्हणजे पुष्पदंत, दहाव्या शतकातला, अपभ्रंश भाषेत लिहिणारा. त्याचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी १९३१ साली संपादून प्रसिद्ध केलं आणि 'णायकुमारचरिउ' हीरालाल जैनांनी १९३३ साली. दोन्ही कारंज्याहून निघाली. दहाव्या शतकातलं काव्य विसाव्या शतकापर्यंत पोचलं कसं? एकच पोथी हजार वर्षं कपाटात ठेवून नाही पोचलं. जुनी पोथी झिजायच्या आत कुणीतरी ती उघडली, वाचली, त्या काळच्या लोकांना वाचता येईल अशी नवी प्रत केली. मग पुढच्याने तेच केलं. आपल्या फायलींचं वय वीस-पंचवीस वर्षं आहे, आणि तेवढ्यातच नवी प्रत करायची वेळ आली आहे. पोथीची प्रत करायला महिने लागायचे, फाइलची करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही आपण करणार नाही का? मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. रोज तासन्‌तास फोन पाहणाऱ्या शिकलेल्या मुलाला आजोबांची फाइल उघडून पाहायला वेळ नसतो.

तर प्रत कशी करायची, ते नीट ऐका. ज्यांच्या संगणकात वर्डपॅड अजून आहे त्यांनी त्यातच फाइल उघडावी आणि 'सेव्ह ॲज' करावं. तिथे प्रकारांची यादी येते. त्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट' असं एक नाव आहे. मराठी मजकुरासाठी ते घेऊ नका! ते घेतलं तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मजकूर परत काढता येत नाही. यादीत खाली 'युनिकोड टेक्स्ट डॉक्युमेंट' आहे, ते घ्या. पुन्हा सांगतो, कारण हातून हेच होतं: नुसतं टेक्स्ट नाही, युनिकोड टेक्स्ट. पूर्वी नोटपॅडमध्येही हीच अडचण यायची. आता नवं नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ या युनिकोडच्याच प्रकारात साठवतं, त्यात मराठी सुखरूप राहतं. जाड अक्षरं, रंग, मधला मथळा, हे साध्या टेक्स्टमध्ये राहणार नाही. ते हवं असेल तर विंडोज ७ पासूनच्या वर्डपॅडमध्ये ओपनडॉक्युमेंट या प्रकारात साठवता येतं, तीही एक प्रत करा. आणि मूळ फाइल तशीच ठेवा, तिच्यावरच नवी चढवू नका. उगवण कमी भरली की आपण एकरी बियाणं वाढवतो. तसंच जिथे शंका आहे तिथे प्रती वाढवा: एक घरी, एक मुलाकडे पुण्याला, एक कागदावर छापून.

कंपनीबद्दल एक शब्द बोललो नाही तर माझं बोलणं अपुरं राहील. वर्डपॅड काढताना मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की सजवलेला मजकूर असेल तर वर्ड वापरा, साधा असेल तर नोटपॅड. मोठ्या शहरातल्या कचेरीला हे पटेल. पण आपल्याकडचा माणूस या दोहोंच्या मधला आहे. त्याला अर्जाचा मथळा जाड करायचा आहे, सहीची जागा उजवीकडे घ्यायची आहे, बस. तेवढ्यासाठी वर्डचे पैसे भरायचे, किंवा खातं उघडून इंटरनेटवरच्या वर्डमध्ये लिहायचं, आणि नेट गेलं की हात बांधून बसायचं. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत २०१८ पासून ज्याचं नाव आहे, त्या आपल्या जिल्ह्यात ही लहान गोष्ट नाही. ज्या वस्तूची विक्री होत नाही, ती कंपनी कधीही काढून नेते. राइटचंही असंच झालं होतं. त्याच्या फायली वर्डपॅड काही वर्षं उघडायचं, पुढे तेही थांबलं. आज ज्या लिब्रेऑफिसचं नाव मी घेतलं, त्याच्या मागे जगभरातल्या लोकांनी मिळून चालवलेली संस्था आहे. माझ्या मते शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तेच बसवून घ्यावं, त्यात मराठी चांगलं चालतं, आणि शुद्धलेखन... नाही, तो विषय मोठा आहे, मला खूण झाली आहे, त्यावर कधीतरी वेगळं बोलू.

उरलेल्या मिनिटात शाळांसाठी एवढंच. मुख्याध्यापकांनो, जुन्या संगणक कक्षातले संगणक लिलावात काढण्याआधी सातवी-आठवीच्या मुलांना एक दुपार द्या. प्रत्येकाला एक फोल्डर वाटून द्या. नव्या संगणकावर फाइल उघडायची, पहिली ओळ वाचायची, आणि वहीत तीन रकाने करून लिहायचं: नीट वाचता आली, आकडे दिसले, इंग्रजी अक्षरं दिसली. पहिल्या रकान्यातल्या फायलींची लगेच प्रत करा. दुसऱ्या रकान्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये उघडा. तिसऱ्या रकान्यात एक जरी नाव आलं, तरी ती फाइल ज्यातली आहे तो जुना संगणक विकू नका, फॉन्ट उतरवून होईपर्यंत थांबा.