खारूनच्या दोन काठांची समिती



आपल्या रायपुरात तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडे जाणारा जी. ई. रोडचा तुकडा रुंद करायचा विषय तुम्ही किती वर्षं ऐकत आहात, हे मी सांगायला नको. हाच रस्ता उलट दिशेनं धरला तर टाटीबंध ओलांडून खारून नदीच्या पुलावर येतो. पूल संपला की दुर्ग जिल्हा सुरू. मग कुम्हारी, चरोदा, भिलाई आणि शेवटी दुर्ग. रस्ता एकच असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंची वस्ती रायपूर महानगरपालिका, कुम्हारी नगरपालिका आणि भिलाई-चरोदा, भिलाई व दुर्ग या महानगरपालिका सांभाळतात. शेजारी बिरगाव आणि रिसाली या महानगरपालिका आहेतच. जिल्हा पंचायती दोन, कलेक्टर दोन, महसुली विभागही दोन.

2025च्या जुलैमध्ये छत्तीसगड विधानसभेनं राज्य राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचं विधेयक मंजूर केलं. रायपूर, नवा रायपूर, दुर्ग आणि भिलाई यांचं नियोजन एकत्र व्हावं, हा त्याचा हेतू. प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, कारण खारून कोणाची हद्द मानत नाही. रायपूर भाठागावला तिचं पाणी उचलतं. उन्हाळ्यात नदी आटली की गंगरेल धरणाचं पाणी कालव्यानं आणावं लागतं, आणि त्याच गंगरेलच्या पाण्यावर भिलाईच्या पोलाद कारखान्याचीही भिस्त आहे. शहरांचं सांडपाणी शेवटी नद्यांतच जातं. अशा ठिकाणी एकत्र बसण्यावाचून गत्यंतर नाही. माझा आग्रह इतकाच, की एकत्र बसणाऱ्यांत निवडून आलेल्या स्थानिक संस्थांचं वजन किती, हे पहिला वाद उभा राहण्याआधी कागदावर यावं.

राज्यघटनेनं हे वजन ठरवून दिलेलं आहे. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. तिच्यातलं कलम 243 झेडई सांगतं, की दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रात महानगर नियोजन समिती असावी. तिचे निदान दोन तृतीयांश सदस्य नगरसंस्थांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत. पाण्याची वाटणी, सामायिक सोयी आणि पर्यावरण यांचा विचार करून तिनं आराखड्याचा मसुदा तयार करावा. 2011च्या जनगणनेत रायपूर आणि दुर्ग-भिलाई हे दोन्ही नागरी समूह दहा लाखांच्या पुढे गेले होते.

हे वजन आधी ठरलं नाही तर काय होतं, ते पुण्यात पाहा. तिथं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 साली आलं. प्रारूप विकास आराखडा 2021च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, आणि नियोजन समितीच्या सदस्यांची निवडणूक झाली त्यानंतर, नोव्हेंबरात. आराखडा करणार कोण आणि मान्य करणार कोण, यावर समितीचे निवडून आलेले सदस्यच न्यायालयात गेले. 2025 साली सरकारनं तो आराखडाच रद्द केला. घर, शेत, आरक्षण यांच्या काळजीनं हरकती घेऊन आलेल्या हजारो माणसांची ती वर्षं कोण भरून देणार? मला याचं फार वाईट वाटतं.

त्याच पुण्यात एक बरं उदाहरणही आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या बससेवा 2007 साली एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तुटीचा भार पुण्यानं 60 टक्के आणि पिंपरीनं 40 टक्के उचलायचा, असं ठरलं. बस कमी मिळतात, पैसे जास्त जातात, अशी कुरकुर होतच असते. पण वाटा किती, हे दर अंदाजपत्रकाच्या वेळी नव्यानं ठरवावं लागत नाही.

आता खारूनच्या दोन्ही काठांसाठी अशी एक नियोजन समिती झाली, तर तिच्यातल्या मतांचा हिशेब मांडू. 2011ला रायपूर महापालिकेची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती, भिलाईची सुमारे सव्वासहा लाख आणि दुर्गची पावणेतीन लाखांच्या आत. निव्वळ लोकसंख्येवर मतं दिली तर एकटं रायपूर या दोघांना भारी पडतं. मग दुर्गच्या सदस्यानं बैठकीला यायचं कशाला? उलट प्रत्येक संस्थेला एकच मत दिलं तर कुम्हारी आणि रायपूर एका पारड्यात येतात, आणि तेही रायपूरकरांवर अन्यायाचं. म्हणून रोजच्या कामाला साधं बहुमत पुरे, पण पाणी, कचऱ्याची जागा आणि वर्गणी या तीन विषयांत दोन्ही कसोट्या लावाव्यात: लोकसंख्येच्या प्रमाणात बहुमत हवं आणि सदस्य संस्थांपैकी निम्म्याहून अधिकांची संमतीही हवी. गणपूर्तीतसुद्धा खारूनच्या दोन्ही काठांची माणसं असल्याशिवाय बैठक भरली असं मानू नये.

मतांइतकंच महत्त्व मी सचिवाला देतो. 1948 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकारानं जनपद योजना आली. तेव्हा रायपूर त्याच प्रांतात होतं. तहसील पातळीवर खेडी आणि नागरी वस्ती यांना एका सभेत आणण्याची ती धाडसी कल्पना होती. पण मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचा होता. सभा लोकांची आणि फाइल सरकारची अशी विभागणी झाली, की कोणता विषय पटलावर यायचा हे फाइलवालाच ठरवतो. नव्या समितीच्या सचिवाचा गोपनीय अहवाल समितीच्या अध्यक्षानं लिहावा. विषयपत्रिका आणि टिपणं पंधरा दिवस आधी, हिंदीतून, प्रत्येक नगरसेवकाच्या आणि सरपंचाच्या हातात पडावीत. ऐन वेळच्या विषयात खर्चाचा ठराव घेऊ नये. इतिवृत्त पुढच्या बैठकीपर्यंत दाबून न ठेवता आठवड्याच्या आत फलकावर लागावं.

अध्यक्षपद फिरतं ठेवावं, पण एका वर्षाचं नको. वर्षभरात माणसाला फाइली समजेपर्यंत पाळी संपते. अडीच वर्षं ठीक.

राहिला तो समितीतून बाहेर पडण्याचा नियम. तो लिहायला सगळेच कचरतात. समजा, दोन शहरांनी मिळून जलवाहिनी टाकली आणि दहा वर्षांनी एकाला वेगळं व्हायचं आहे. तर वर्षभराची लेखी सूचना, उरलेल्या कर्जाचा वाटा फिटेपर्यंत जबाबदारी कायम, नळाची मालकी ज्या संस्थेच्या हद्दीत नळ तिच्याकडे, आणि हिशेब तपासायला दोघांनाही मान्य असा लेखापरीक्षक. हे कलम समितीच्या नियमांच्या पहिल्याच मसुद्यात असावं, आणि मसुदा राजपत्रात जाण्याआधी दुर्गच्या आणि आपल्या, दोन्ही महापालिकांच्या सर्वसाधारण सभांपुढे चर्चेला यावा.