रंगाची साक्ष



हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे सांगलीकरांना मी सांगावे असे नाही. प्रयोगशाळेतही असाच रंग साक्षीला बोलावतात.

कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हे जवळजवळ रंगहीन द्रव्य. विकर त्यातला फॉस्फेटचा तुकडा तोडते. उरलेले नायट्रोफेनॉल अल्कधर्मी द्रावणात पिवळे दिसते. ठराविक वेळात पिवळेपण जितके अधिक, तितके विकर अधिक.

याचा उपयोग काय? दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवले की क्षयाचे जंतू मरतात. हे विकर त्यांच्याहून किंचित चिवट. म्हणून ते निकामी झाले, तर जंतूही मेले समजावे. पिवळे दिसले, तर दूध नीट तापलेले नाही, अगर त्यात कच्चे मिसळले आहे.

१९३९ साली भिलवडीस चितळ्यांची डेअरी निघाली. गोठा नजरेआड गेला की दुधाची खात्री नुसत्या डोळ्यांनी पटत नाही. ती अशा कसोटीने पटवावी लागते.

मात्र तापवलेले दूध पुढे घाणेरड्या चरवीत ओतले, तर हा साक्षीदार गप्प राहतो. तेथे साक्ष आपल्या हातांचीच!