आधी प्रश्न, मग तपासणी

(फलटण येथे केलेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. तरीही रक्त-लघवीच्या तपासण्यांवर बोलण्याचे धाडस करतो, कारण त्यांचे बिल आपण सारेच भरतो.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची सवलतीची जाहिरात पाहून रक्त दिले. प्रकृती ठणठणीत. अहवालात एका आकड्यापुढे चांदणी उमटली आणि घरादाराची झोप उडाली. पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग पुण्याच्या खेपा. निष्पन्न काहीच झाले नाही. दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन मात्र गेले.

यात प्रयोगशाळा चुकलीच असे नव्हे. अहवालात छापलेली ‘सामान्य’ मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांचे आकडे धरून आखलेली असते. उरलेले पाच टक्केही निरोगीच, पण मर्यादेबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते!

वेळेचेही महत्त्व आहे. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, पुढे प्रतिपिंडांची. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ती दरमहा करून हाती काय येणार? आणि एकाच विडाल तपासणीवर विषमज्वराचा शिक्का मारणे ही तर जुनी खोड. ती इतर तापांतही होकारार्थी येऊ शकते.

मग अशा तपासण्या लिहिल्या का जातात? काही भीतीपोटी, काही रुग्णाच्याच आग्रहाखातर आणि काही ‘कट’पायी. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगाला ठाऊक झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली, रुग्ण पाठविल्याबद्दल, एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ साली राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, पण तो मसुदाच राहिला. म्हणून सगळ्या डॉक्टरांना एकाच तराजूत तोलू नये. तक्रार करणारेही डॉक्टरच होते.

आता थोडे आपल्या घरातले. सेवावस्तीत आरोग्य शिबिर होते, ‘इतक्या तपासण्या केल्या’ हा आकडा वृत्तात झळकतो. रक्तदाब, तिशीनंतर साखर, महिला व मुलींचे हिमोग्लोबिन एवढे बहुतेक ठिकाणी पुरेसे आहे. पण ज्या भगिनीचे हिमोग्लोबिन सात निघाले, तिच्याकडे महिन्याभराने कोण गेले? ऊसतोड मजुराच्या कोपीत साखरेचा अहवाल पोहोचला, पण गोळ्या पोहोचल्या का? अशी शिबिरे मी पाहिली आहेत, त्यांच्या बातम्याही छापल्या आहेत.

डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “या अहवालाने उपचारात काय बदल होईल?” चांगला डॉक्टर रागावत नाही. जुने अहवाल एका पिशवीत जपून सोबत न्यावेत. काही तपासण्या तिथेच वाचतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अनेक मूलभूत तपासण्या विनामूल्य होतात, तिकडे आधी जावे. आणि येथील कार्यकर्त्यांना विनंती की, पुढच्या शिबिराच्या वेळी तपासण्यांच्या यादीआधी पाठपुराव्याला जाणाऱ्यांची नावे लिहून काढा.